मुदतीचे पोटभाडे : दीर्घ मुदतीच्या कॉल ऑप्शनचा पूर्वेतिहास

शेअरबाजाराच्या परिभाषेत ‘उत्पन्न’ या शब्दाचा अर्थ फार काळ साधा होता: कंपनीने वाटलेला लाभांश आणि कर्जरोख्यांवर मिळणारे व्याज. दोहोंच्या मागे कोणाची तरी प्रत्यक्ष कमाई असे. कारखाना चालला तर लाभांश आणि ऋणकोने फेड केली तर व्याज. विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत अमेरिकेच्या बाजारात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, आणि पूर्वीचे व्यापारी जी रक्कम जोखीम पत्करण्याचा मोबदला म्हणून मोजून घेत, तीच दरमहा हाती येणारे उत्पन्न म्हणून ओळखली जाऊ लागली. तंत्रज्ञान-कंपनीच्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा कॉल ऑप्शन विकत घ्यायचा आणि त्याच्या आधाराने दरमहा अल्प मुदतीचे कॉल विकत राहायचे, ही आज तेथील किरकोळ गुंतवणूकदारांत रुळलेली पद्धत या अर्थविस्ताराचे टोक आहे. तिथपर्यंत बाजार कसा पोहोचला हे पाहताना असे दिसते की दर टप्प्यावर प्रीमियम घेणाऱ्याच्या हातातली मालमत्ता थोडी विरळ होत गेली, आणि तिला मिळणारे नाव मात्र अधिकाधिक भरभक्कम होत गेले.

कॉल ऑप्शन म्हणजे एखादा शेअर ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क. तो बजावण्याचे बंधन घेणाऱ्यावर नसते, परंतु त्याने तो बजावला तर त्याच किमतीला शेअर देण्याचे बंधन विकणाऱ्यावर असते. ठरलेल्या किमतीला स्ट्राइक म्हणतात आणि हक्कासाठी आगाऊ मोजलेल्या, कधीही परत न मिळणाऱ्या रकमेला प्रीमियम. शेअर विकण्याच्या अशाच हक्काला पुट ऑप्शन हे नाव आहे. कॉलच्या प्रीमियमचे दोन भाग पडतात: शेअरचा चालू भाव स्ट्राइकपेक्षा जितका वर असेल तितके त्याचे आंतरिक मूल्य, आणि मुदत शिल्लक असल्यामुळे भाव आणखी वर जाण्याची जी शक्यता उरते तिचे कालमूल्य. मुदतीच्या दिवशी कालमूल्य शून्यावर येते. ऑप्शन विकून उत्पन्न मिळवण्याची प्रत्येक योजना या झिजेवर उभी असते.

या हक्काचा इतिहास ॲरिस्टॉटलने नोंदवलेल्या कथेपासून, म्हणजे थेलिस या तत्त्वज्ञाने ऑलिव्हचे घाणे हंगामाआधीच अनामत देऊन धरून ठेवले त्या कथेपासून, सुरू करण्याचा प्रघात आहे. परंतु त्या कथेत हक्काला बाजार नाही, पुनर्विक्री नाही आणि भावही फुटत नाही, म्हणून येथे तिचा उपयोग थोडाच. खरी सुरुवात सतराव्या शतकातील अ‍ॅमस्टरडॅममध्ये होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरचे व्यवहार तेथे इतके गुंतागुंतीचे झाले होते की १६८८ मध्ये जोसेफ दे ला व्हेगा या ज्यू व्यापाऱ्याने त्यांवर स्पॅनिश भाषेत ‘कॉन्फ्युजिऑन दे कॉन्फ्युजिओनेस’ म्हणजे ‘गोंधळांचा गोंधळ’ या नावाचा संवादरूप ग्रंथच लिहिला. तत्त्वज्ञ, व्यापारी आणि भागधारक यांच्या त्या संवादात ‘ऑप्सी’ या नावाने ऑप्शनचे वर्णन येते, आणि थोड्या पैशांत मोठ्या चढउतारात भाग घेता येतो व तोट्याला प्रीमियमपुरती मर्यादा राहते, हे त्याचे आकर्षण तेथेच सांगितलेले आढळते. त्याच ग्रंथात ‘ड्युकॅटन’ शेअरचाही उल्लेख आहे. कंपनीचा मूळ शेअर तीन हजार गिल्डरचा असल्याने तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून बाजाराने आपल्या सोयीसाठी त्याचा दशांश मानून कागदोपत्री व्यवहार सुरू केले होते. महाग शेअर आणि अपुरे भांडवल यांची ही जोडी पुढे तीन शतकांनी शिकागोत जवळजवळ त्याच आकड्यासह पुन्हा भेटते.

लंडनमध्ये १७३४ च्या कायद्याने, जो सर जॉन बर्नार्ड यांच्या नावाने ओळखला जातो, ऑप्शनांवर बंदी घातली गेली. ती १८६० पर्यंत कागदावर राहिली, आणि व्यवहार मात्र दलालांच्या परस्पर विश्वासावर चालूच राहिले. न्यायालयात दाद मागता येत नसल्याने दिलेला शब्द पाळणे हीच तेथील व्यापाऱ्याची पत ठरली.

एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कमध्ये या व्यवहारांना ‘प्रिव्हिलेज’ म्हणत आणि त्यांचा सर्वांत मोठा विक्रेता रसेल सेज हा होता. किराणा दुकानातील नोकरीपासून रेल्वेच्या शेअरपर्यंत आणि तिथून सावकारीपर्यंत पोहोचलेल्या या माणसाने ऑप्शन विकणे हा नियमित धंदा केला, आणि पुट, कॉल व शेअर यांची सांगड घालून कर्जाचेच रूपांतर करता येते हे ओळखून व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा चुकवण्याचाही मार्ग काढला. १८८४ मध्ये ग्रँट अँड वॉर्ड ही पेढी बुडून बाजार कोसळला, तेव्हा त्याने विकलेले पुट बजावण्यासाठी लोकांची त्याच्या कचेरीपुढे रीघ लागली आणि त्याला प्रचंड रक्कम मोजावी लागली. सेजच्या हिशेबात प्रीमियम हे उत्पन्न नव्हते. विमा कंपनीला हप्ता मिळतो आणि केव्हातरी भरपाई द्यावी लागते, तसा तो व्यवहार होता. १८८४ ने भरपाईची बाजू दाखवून दिली इतकेच.

१९२९ च्या कोसळणीनंतर अमेरिकी संसदेपुढे ऑप्शनांवर सरसकट बंदी घालण्याचा विचार आला. त्या वेळी या धंद्याच्या वतीने हर्बर्ट फायलर या दलालाने बाजू मांडली, आणि १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्यात बंदीऐवजी नियंत्रणाचा अधिकार आला. त्यापुढची सुमारे चार दशके हा धंदा न्यूयॉर्कमधील ‘पुट अँड कॉल ब्रोकर्स अँड डीलर्स असोसिएशन’ या छोट्या वर्तुळात राहिला. प्रत्येक करार स्वतंत्र असे, स्ट्राइक बहुधा त्या दिवशीच्या भावाइतकी ठेवली जाई, मुदत साधारण एका महिन्यापासून सहा महिने दहा दिवसांपर्यंत असे, आणि दलाल वृत्तपत्रांत जाहिरात देऊन हाताशी असलेले ऑप्शन विकत. ऑप्शन पुरवणारे बहुधा मोठे भागधारक असत, कारण ज्याच्या तिजोरीत शेअर आहे त्यालाच असे बंधन निर्धास्तपणे स्वीकारता येते. या पद्धतीतली अडचण अशी की एकदा लिहिलेला करार मुदतीपूर्वी मोडता येत नसे. घेणाऱ्याला तो दुसऱ्याला विकायचा तर दलालाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे आणि विकणाऱ्याला तर सुटकाच नसे. दरमहा विकायचे, परत घ्यायचे, पुन्हा विकायचे, या आजच्या चक्राची कल्पनाही त्या व्यवस्थेत करता आली नसती.

चक्राला चाक मिळाले ते शिकागोत. १८४८ मध्ये स्थापन झालेले शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हे धान्याच्या वायद्यांचे केंद्र होते, परंतु १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी साठ्यांमुळे धान्याचे भाव स्थिरावले होते आणि सभासदांच्या हाताला काम नव्हते. शेअरचे वायदे सुरू करण्यात कायद्याच्या अडचणी दिसल्यावर त्यांनी शेअरच्या ऑप्शनकडे मोर्चा वळवला. पूर्वी वॉल स्ट्रीट जर्नलचे वार्ताहर असलेले जोसेफ सलिव्हन या कामी लागले, रॉबर्ट नेथन यांच्या सल्लागार संस्थेकडून अर्थशास्त्रीय अहवाल तयार करवून घेण्यात आला, आणि ऑप्शन म्हणजे जुगार या नियामकांच्या पूर्वग्रहाशी काही वर्षे झुंज दिल्यावर २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज सुरू झाले. जागा होती जुन्या बाजाराच्या सभासदांची धूम्रपानाची खोली. पहिल्या दिवशी १६ शेअरवरील कॉलचे ९११ करार झाले. पुटना परवानगी मिळायला १९७७ उजाडले.

शिकागोच्या लोकांनी नवा हक्क शोधला नव्हता, धान्याच्या बाजारातली जुनी शिस्त त्यांनी शेअरच्या हक्कांना लावली. स्ट्राइक आणि मुदती बाजाराने ठरवून दिल्या, प्रत्येक करार १०० शेअरचा झाला, आणि घेणारा व विकणारा यांच्यामध्ये एक समाशोधन संस्था उभी राहिली, म्हणजे अशी संस्था की जी प्रत्येक विक्रेत्याची ग्राहक आणि प्रत्येक ग्राहकाची विक्रेता बनते, त्यामुळे समोरचा माणूस कोण हे पाहण्याचे कारण उरत नाही. परिणामी आज विकलेला कॉल उद्या बाजारातून परत घेऊन बंधनातून मोकळे होता येऊ लागले. वृत्तपत्रांत ऑप्शनचे भाव तक्त्याने छापले जात, त्यात स्ट्राइक खालीखाली आणि महिने आडवे असत. त्यावरूनच निरनिराळ्या स्ट्राइकच्या जोडव्यवहाराला ‘उभा’, निरनिराळ्या महिन्यांच्या जोडव्यवहाराला ‘आडवा’ आणि दोन्ही वेगळे असतील तर ‘तिरका’ अशी नावे पडली. आरंभी सांगितलेली पद्धत याच तिरक्या जातीची आहे.

१९७३ च्याच मे-जूनच्या ‘जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा ऑप्शनचे मूल्य काढणारा प्रसिद्ध शोधनिबंध आला. शेअरचा भाव, स्ट्राइक, मुदत, व्याजदर आणि अस्थिरता, म्हणजे भाव किती जोराने वरखाली होतो त्याचे माप, एवढ्या पाच गोष्टींवरून प्रीमियम काढता येतो असे त्यात दाखवले होते. ब्लॅक यांनी असे आकडे काढलेले कागद बाजारातील लोकांना विकले आणि ते हातात धरून दलाल सौदे करू लागले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गणकयंत्रांवरही हे सूत्र लवकरच आले. गंमत अशी की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स स्वतः पहिल्या सोळा शेअरपैकी एक होती. पोलरॉइड, झेरॉक्स, ईस्टमन कोडॅक आणि स्पेरी रँड यांचाही त्यांत समावेश होता, म्हणजेच तंत्रज्ञानाचे शेअर आणि ऑप्शन यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. सूत्रामुळे त्याचे कारणही स्पष्ट झाले: अस्थिरता जितकी अधिक तितका प्रीमियम भरघोस. उद्याच्या शोधावर ज्या कंपनीचे भवितव्य टांगलेले असते तिच्या शेअरइतका अस्थिर शेअर सहसा दुसऱ्या धंद्यात सापडत नाही.

‘उत्पन्न’ हा शब्द नेमका याच सुमारास ऑप्शनला येऊन मिळाला. शेअर हातात ठेवून त्यावर कॉल विकण्याला ‘कव्हर्ड कॉल’ म्हणतात. शेअर स्ट्राइकच्या वर गेला तर विकणारा आपलाच शेअर देऊन मोकळा होतो, वर गेला नाही तर प्रीमियम खिशात राहतो. जुन्या दलालांचे पुरवठादार हेच करत होते, परंतु आता ते कोणालाही करता येऊ लागले, आणि दलाली पेढ्यांनी ते सावध माणसाचे साधन म्हणून मांडले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑप्शनच्या प्रीमियमवर चालणारे म्युच्युअल फंड निघाले व त्यांच्या नावांतच ‘ऑप्शन इन्कम’ हे शब्द आले. भाव रेंगाळत होते तोवर ही मांडणी शोभून दिसली. १९८२ च्या ऑगस्टपासून बाजाराने जी झेप घेतली तिच्यात मात्र या फंडांचे शेअर स्ट्राइकवर निघून गेले आणि चढाचा लाभ कॉल घेणाऱ्यांनी नेला. हा सौदा नीट पाहिला तर घसरणीचा बहुतेक भार विकणाऱ्याकडे राहतो आणि चढाचा वरचा भाग तो विकून टाकतो. मिळणारी रक्कम त्या त्यागाची किंमत असते. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट व्हेली यांच्या पद्धतीवर आधारलेला ‘बाय-राइट’ निर्देशांक शिकागोच्या बाजाराने जाहीर केला, तेव्हापासून या सौद्याचे मोजमाप तरी सर्वांसमोर राहू लागले.

येथवर कॉल विकणाऱ्याच्या हातात शेअर होता. तो सुटायला लांब मुदतीचा ऑप्शन यावा लागला, कारण शिकागोतील करार सुरुवातीला जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे असत. त्याहून लांब मुदतीचा हक्क हवा असणाऱ्याला कंपन्यांनी स्वतः काढलेल्या वॉरंटांकडे वळावे लागे. वॉरंट म्हणजे कंपनीनेच आपला नवा शेअर ठरलेल्या किमतीला देण्याचे दिलेले, बहुधा अनेक वर्षे टिकणारे वचन. यातही ठेच लागल्याचे उदाहरण खुद्द सूत्रकारांचे आहे. ब्लॅक, शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी आपल्या गणितानुसार स्वस्त वाटलेले नॅशनल जनरल या कंपनीचे वॉरंट विकत घेतले; थोड्याच काळात त्या कंपनीच्या खरेदीचा असा प्रस्ताव आला की त्याच्या अटींमुळे वॉरंटांची किंमत घसरली, आणि ते स्वस्त का होते हे बाजाराला आधीच ठाऊक असल्याचे उघड झाले. मर्टन आणि शोल्स यांना पुढे १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ मध्ये निधन झाले होते.

१९९० मध्ये शिकागोच्या बाजाराने वैयक्तिक शेअरवर दोन वर्षांपर्यंतचे आणि पुढे सुमारे तीन वर्षांपर्यंतचे ऑप्शन सुरू केले. ‘लाँग-टर्म इक्विटी अँटिसिपेशन सिक्युरिटीज’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘लीप्स’ म्हणू लागले. त्यांची मुदत परंपरेने जानेवारीत संपते. हे साधन मुळात धीराच्या माणसासाठी होते, म्हणजे ज्याला शेअर चढणार असे वाटते पण पूर्ण रक्कम गुंतवायची नाही त्याच्यासाठी. त्याला शेअरची जागा देऊन त्यावर अल्प मुदतीचे कॉल विकण्याचा मार्ग ऑप्शनवाल्यांनी काढला. दीर्घ मुदतीच्या ऑप्शनची झीज सुरुवातीला मंद असते आणि अखेरच्या महिन्यांत वेग घेते, तर महिन्याभराच्या ऑप्शनची झीज आरंभापासूनच वेगवान असते. सावकाश झिजणारे विकत घेऊन भराभर झिजणारे विकावे, हे त्यामागचे गणित. बोलीभाषेत या मांडणीला ‘गरिबाचा कव्हर्ड कॉल’ असे नाव पडले.

निव्वळ समजुतीसाठी एक हिशेब घेता येईल. एका काल्पनिक कंपनीचा शेअर १०० डॉलरला आहे, लाभांश देत नाही, आणि त्याची अस्थिरता वर्षाला सुमारे ३५ टक्के आहे. दोन वर्षांचा, ७० डॉलर स्ट्राइकचा कॉल साधारण ४० डॉलरला पडेल. त्यात ३० डॉलर आंतरिक मूल्य आणि १० डॉलर कालमूल्य. शंभर शेअरना १०,००० डॉलर लागले असते तिथे ४,००० डॉलर लागतात, आणि शेअर एक डॉलर चढला तर हा ऑप्शन सुमारे ८७ सेंट चढतो. त्यावर महिन्याभराचा ११० डॉलर स्ट्राइकचा कॉल विकला तर सुमारे एक डॉलर, म्हणजे करारामागे १०० डॉलर मिळतात. शेअर बाळगणाऱ्याच्या भांडवलावर ही रक्कम महिन्याला एक टक्का, पण लीप्स बाळगणाऱ्याच्या भांडवलावर अडीच टक्के होते. वर्षाला तीस टक्के ‘उत्पन्न’ हा ठळक आकडा असा जन्माला येतो. रक्कम तीच आहे, तिच्याखालचा भाजक तेवढा लहान झाला आहे.

मुंबईकर वाचकाला हा व्यवहार भाडेकराराच्या भाषेत लगेच कळेल. शेअर बाळगून कॉल विकणारा हा घरमालक आहे: भाडेकरू आला काय, गेला काय, घर त्याचे राहते. लीप्सवर कॉल विकणारा मात्र दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेतलेल्या जागेत महिन्या-महिन्याचे पोटभाडेकरू ठेवतो आहे. पोटभाडे हाती येते तेव्हा ते उत्पन्नच वाटते, परंतु त्याचा पहिला काही भाग आगाऊ भरलेले भाडे फेडण्यातच जातो. वरच्या उदाहरणात शेअर दोन वर्षांनी पुन्हा १०० वर असेल तर लीप्सचे दहा डॉलर कालमूल्य संपलेले असते आणि विकलेल्या कॉलच्या जमाखर्चातून पहिले दहा डॉलर वजा केल्याशिवाय नफ्याला सुरुवात होत नाही. मालकाला मिळणारा लाभांशही पोटभाडेकरू ठेवणाऱ्याला मिळत नाही, कारण कॉलधारक हा भागधारक नसतो.

याच कारणाने ही पद्धत तंत्रज्ञान-कंपन्यांच्या अंगणात वाढली. मायक्रोसॉफ्टचे शेअर १९८६ मध्ये बाजारात आले, पण लाभांश २००३ मध्ये सुरू झाला. ॲपलने १९९५ नंतर थांबवलेला लाभांश २०१२ मध्ये पुन्हा दिला. अल्फाबेट आणि मेटा यांनी पहिला लाभांश २०२४ मध्ये दिला. जिथे लाभांशच नाही तिथे तो हुकल्याचे दुःख नाही. शिवाय अशा काही कंपन्यांनी शेअरचे विभाजन टाळल्याने त्यांचे भाव अवाढव्य झाले. ॲपलचा शेअर २०१२ च्या सप्टेंबरात ७०० डॉलरच्या वर होता, म्हणजे एका करारामागचे शंभर शेअर ७०,००० डॉलरचे. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑप्शनबाजारांनी ॲपल, ॲमेझॉन आणि गूगल या शेअरवर व दोन फंडांवर दहा-दहा शेअरचे ‘मिनी’ करार काढले, तेव्हा ड्युकॅटन शेअरचा तोच दशांश पुन्हा अवतरला. ते फार काळ चालले नाहीत, आणि ॲपलने २०१४ मध्ये एकास सात असे विभाजन केल्यावर त्यांची निकडही ओसरली.

त्याच ॲपलच्या भावाने या पद्धतीची दुसरी बाजू दाखवली. सप्टेंबर २०१२ मधील ७०० चा शेअर एप्रिल २०१३ मध्ये ४०० च्या खाली आला. सिस्को ही त्याहून कडवी नोंद आहे: मार्च २००० मध्ये सुमारे ८० डॉलर, २००२ च्या ऑक्टोबरात दहाच्या खाली. घसरणीत लीप्सधारकाची गत काय होते हे वरच्याच हिशेबाने कळते. शेअर वर्षभरात १०० वरून ७० वर आला तर भागधारक तीस टक्के गमावतो. पण वर्षभर उरलेला ७० स्ट्राइकचा कॉल साधारण ११ डॉलरचा राहिल्याने त्यात गुंतवलेल्या रकमेतील सत्तर टक्क्यांहून अधिक गेलेले असतात. दरम्यानचे बारा डॉलर प्रीमियम त्यापुढे तुटपुंजे. त्यानंतर ११० स्ट्राइकच्या कॉलला गिऱ्हाईक नसते, आणि जवळच्या, म्हणजे ७७ किंवा ८० च्या स्ट्राइकचे कॉल विकावेत तर शेअर सावरताच तीच विक्री अंगाशी येऊन तोटा कायमचा होतो. भागधारक अशा वेळी वाट पाहू शकतो. सिस्कोच्या लीप्सधारकांना वाट पाहायला जानेवारीपर्यंतचाच अवकाश होता.

एकविसाव्या शतकात बदलला तो मुख्यतः वेग. २००५ मध्ये निर्देशांकांवर आणि २०१० मध्ये शेअरवर आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन आले, त्यामुळे महिन्याचे पोटभाडे आठवड्याचे झाले. २०१७ च्या अखेरीस रॉबिनहूड या दलाली पेढीने ऑप्शनचे विनादलाली व्यवहार सुरू केले आणि २०१९ मध्ये मोठ्या पेढ्यांनीही शेअरवरील दलाली सोडली. पुढे एकेका तंत्रज्ञान-शेअरवर बेतलेले आणि दरमहा वाटप करणारे फंडही निघाले. त्यांतील काही तर शेअर बाळगतच नाहीत, कॉल घेऊन व पुट विकून शेअरसारखा परिणाम साधतात आणि त्यावर पुन्हा कॉल विकतात. रसेल सेजला ही सांगड ओळखू आली असती, फक्त तिला उत्पन्न म्हणतात याचे त्याला नवल वाटले असते.

मुंबईच्या बाजाराला हे सारे परके नव्हते. येथे कॉलला ‘तेजी’, पुटला ‘मंदी’ आणि दोन्ही हक्क एकत्र घेण्याला ‘तेजी-मंदी’ म्हणत. कापसाच्या बाजारात या सौद्यांचे इतके पेव फुटले की मुंबई प्रांतात १९३९ मध्ये कापसातील ऑप्शनना मनाई करणारा स्वतंत्र कायदा झाला. १९५२ च्या वायदेकरार कायद्याने मालाच्या आणि १९५६ च्या रोखे-करार कायद्याने शेअरच्या ऑप्शनवर देशभर बंदी आली. शिकागोत ऑप्शनबाजार उघडला त्या काळात मुंबईत शेअरचे सौदे पुढच्या वळणापर्यंत, म्हणजे पुढच्या पूर्ततेच्या दिवसापर्यंत, ओढण्यासाठी बदला पद्धत वापरली जात होती आणि तेजी-मंदी कायद्याने गुन्हा होती. शेअरच्या ऑप्शनवरील बंदी १९९५ मध्ये उठली, एल. सी. गुप्ता समितीच्या शिफारशींनंतर २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे सुरू झाले, आणि जुलै २००१ मध्ये बदला बंद होत असतानाच राष्ट्रीय शेअरबाजारात शेअरवरील ऑप्शन आले.

दीर्घ मुदत मात्र येथे निर्देशांकापुरतीच राहिली. निफ्टीवर अनेक वर्षांचे ऑप्शन २००८ पासून उपलब्ध आहेत, पण इन्फोसिस असो वा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, शेअरवरील ऑप्शनची मुदत तीन महिन्यांपुढे जात नाही, म्हणून ज्यावर पोटभाडेकरू ठेवावेत असा लांब करारच दलाल स्ट्रीटवर मिळत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून शेअरच्या ऑप्शनची पूर्तता सक्तीने प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होत असल्याने हाती शेअर नसताना कॉल विकणाऱ्याला मुदतीच्या दिवशी ते बाजारातून आणावे लागतात. शेअरवरील ऑप्शन २०११ पासून युरोपीय पद्धतीचे, म्हणजे केवळ मुदतीच्या दिवशी बजावता येणारे झाले. त्यामुळे पडद्यावर कॉलपुढे ‘सीई’ आणि पुटपुढे ‘पीई’ ही अक्षरे आली आणि बाजारातला तरुण तीच नावे घेतो. तेजी, मंदी आणि ‘गल्ली’ हा आता कोणालाच न आठवणारा तिसरा शब्द १९५६ च्या कायद्यातील ऑप्शनच्या व्याख्येत अजून छापलेले आहेत.